कॅलेंचो फुलेना, सासूबाईंना हवा गुलमोहर

पत्र:

नमस्कार ताई,

आम्ही गेल्या वर्षी साने गुरुजी वसाहतीजवळ छोटं रो-हाऊस घेतलं. फेब्रुवारीत वास्तुशांत झाली, तेव्हा नणंदेनं लाल फुलांनी गच्च भरलेली कॅलेंचोची कुंडी दिली. हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवली. एप्रिलपर्यंत येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारायचा, कुठनं आणली म्हणून. मग फुलं वाळली, ती आजपर्यंत परत आली नाहीत. पानं हिरवी आहेत, पण फांद्या लांबुळक्या होऊन खिडकीकडं कलल्यात. पाणी रोज घालते, खतही देऊन बघितलं.

इकडं सासूबाईंचं म्हणणं, दारात फुलांचं झाड पाहिजेच आणि तेही गुलमोहरच. गडहिंग्लजला त्यांच्या शाळेच्या आवारात मोठा गुलमोहर होता. आमच्या दारासमोरची जागा बारा फूट बाय पंधरा फूट, पश्चिमेला तोंड. एका कोपऱ्यात जमिनीखाली पाण्याची टाकी आहे, गेटवरून विजेच्या तारा गेल्यात आणि स्कूटरही तिथंच लावतो. दोन फूट खोदलं की मुरूम लागतो. मिस्टरांचं मत वेगळंच. झाडाचा पाला रोज कोण झाडणार, त्यापेक्षा हॉलमध्ये फुलांच्या तीन-चार कुंड्या ठेवू, म्हणतात. घरात तीन वर्षांचा मुलगा आणि एक मांजर आहे.

घरातलं फुलझाड आणि दारातलं फुलांचं झाड, यात जास्त सुख कशात? आणि माझ्या कॅलेंचोचं काय बिनसलं?

एक वाचक, कोल्हापूर

उत्तर:

ताई, आधी कॅलेंचोचा निकाल लावते, कारण ते सोपं आहे. त्याला ना रोग झालाय, ना खत कमी पडलंय. तुमच्या घरात त्याला रात्र मिळत नाही, एवढंच.

टीव्हीशेजारी म्हणजे दिवेलागणीपासून रात्री अकरापर्यंत ते झाड उजेडात. आणि कॅलेंचो कळी धरायची की नाही, हे रात्रीच्या लांबीवर ठरवतं. पानातलं फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य अंधार किती वेळ सलग टिकला याचा हिशेब ठेवतं. लांब रात्र रोजच्या रोज, काही आठवडे लागोपाठ मिळाली, की पानाकडून शेंड्याला निरोप जातो आणि तिथं पानांऐवजी कळ्या तयार व्हायला लागतात. मध्यरात्री कुणी पाणी प्यायला उठून काही मिनिटं दिवा लावला, तरी तो हिशेब मोडू शकतो. मग तुम्ही कितीही खत घाला, पानंच येणार. उलट नायट्रोजनचं खत जास्त झालं की पानं आणखी माजतात.

नर्सरीत हे झाड भर उन्हाळ्यातही फुललेलं दिसतं, कारण मोठे उत्पादक संध्याकाळीच काळं कापड ओढून झाडांना लांब रात्र करून देतात. नणंदबाईंनी दिलेली कुंडी अशाच तयार केलेल्या रात्रींवर फुललेली असण्याची शक्यता बरीच आहे.

आता करायचं काय ते सांगते. ऑक्टोबर लागला की आधी लांबलेल्या फांद्या निम्म्यावर छाटा. नवे फुटवे दोन-तीन पानांचे झाले की कुंडीवर रोज संध्याकाळी सहाला पुठ्ठ्याचा मोठा खोका उपडा घाला आणि सकाळी आठला काढा. चौदा तास अंधार. खोक्याला भोक नको, फट नको. दिवसा मात्र झाड खिडकीत, सकाळचं ऊन थेट पडेल असं ठेवा. फांद्या खिडकीकडं कलल्या त्या उजेड कमी पडला म्हणूनच. सहा आठवडे हा उद्योग न चुकता केला की बारीक कळ्या दिसतील, मग खोका बंद. जानेवारीच्या आसपास फुलं यावीत. कोल्हापुरात डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि सातच्या आसपास उगवतो, म्हणजे निसर्गाची रात्रही जवळजवळ तेरा तासांची असते. तुमच्या गच्चीच्या जिन्यात किंवा मागच्या बाल्कनीत रात्री दिवा लागत नसेल आणि रस्त्यावरचा खांबही दूर असेल, तर खोक्याशिवायही जमू शकतं. पण थंडीत जिन्यातला दिवा रात्रभर चालू ठेवायची सवय आपल्याकडं बहुतेक घरांत असते, म्हणून खोकाच बरा.

रोजचं पाणी आजच बंद करा. कॅलेंचो आपल्या पानफुटीच्या जवळच्या नात्यातलं. जाड पान म्हणजे आतच पाण्याचा साठा. कुंडीतल्या मातीत बोट दोन पेरं घालून बघायचं, कोरडं लागलं तरच पाणी. जुलै-ऑगस्टात, आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही तेव्हा, तर जवळपास विसरूनच जायचं. या झाडाला उन्हापेक्षा आपल्या मायेचाच जास्त त्रास होतो. छाटलेल्या फांद्या टाकू नका. एक-दोन दिवस सावलीत ठेवून काप वाळू दिला आणि वाळूमिश्रित मातीत खोचल्या की मूळ धरतात.

हे झाड मूळचं मादागास्करचं. रॉबर्ट ब्लॉसफेल्ड या जर्मन व्यापाऱ्यानं १९३०च्या दशकात ते युरोपच्या बाजारात आणलं आणि त्याचंच नाव झाडाच्या शास्त्रीय नावात गेलं. हे मुद्दाम सांगतेय, कारण तुमच्या सासूबाईंचा गुलमोहरही मादागास्करचाच. एकाच बेटावरची दोन झाडं तुमच्या घरात भांडण लावून बसलीत. एक फूटभर उंचीचं, दुसरं तीस-चाळीस फुटांचं. एकाला आपण खोका घालून फुलवू शकतो. दुसऱ्याला असलं काही सांगायची सोय नाही.

गुलमोहर तिकडच्या पानगळी जंगलातला. कोरड्या ऋतूत पानं टाकायची, सगळा जीव खोडात सांभाळायचा आणि पाऊस जवळ आला की फुलून घ्यायचं, ही त्याची रीत. मादागास्करमध्ये तो डिसेंबरच्या आसपास फुलतो, कारण तिकडचा पावसाळा तेव्हा लागतो. आपल्याकडं आला आणि त्यानं बरोबर एप्रिल ते जून हा हंगाम धरला. वळवाचे ढग जोतिबाच्या डोंगराकडून यायला लागतात, तेव्हा ऐन भरात असतो. जवळच्या साताऱ्यात तर १ मे हा गुलमोहर दिवस म्हणून साजरा करतात. पानं नसतात किंवा नुकती फुटत असतात, म्हणून लांबूनही सगळं झाड लाल दिसतं. कितीही कुंड्या मांडल्या तरी हॉलमध्ये हे दृश्य उभं राहणार नाही, आणि सासूबाईंना जे आठवतं ते हेच. शिवाय त्या शाळेत असताना पाकळ्या खाल्ल्या असतील, केसरांच्या टोकांत टोक अडकवून लढाया केल्या असतील, वाळलेल्या शेंगांच्या तलवारी केल्या असतील. हे सगळं झाडाखाली होतं. कॅलेंचोखाली कुणी बसत नाही.

तरीही तुमच्या दारात गुलमोहर लावू नका, असंच मी म्हणेन. अगदी स्पष्ट.

गुलमोहर उंचीपेक्षा आडवा जास्त पसरतो. तीस-पस्तीस फुटांचा घेर ही त्याला सहज गोष्ट आहे, आणि तुमची जागा बारा बाय पंधरा. पाचव्या-सहाव्या वर्षी त्याची एक फांदी तुमच्या गच्चीवर, दुसरी शेजाऱ्यांच्या खिडकीत आणि तिसरी तारांत असेल. पावसाळ्याआधी वीज कंपनीची माणसं येऊन तारांखालची बाजू उतरवून जातील, मग झाड एकांगी वाढेल. लाकूड ठिसूळ. वळवाच्या वाऱ्यात सगळ्यात आधी मोडणाऱ्या झाडांत गुलमोहराचा नंबर वरचा, आणि खाली तुमची स्कूटर. मुळं खोल जात नाहीत, वरच्या वर पसरतात, फरशी उचलतात. त्यातून तुमच्याकडं दोन फुटांवर मुरूम. मुळांना खाली जायला वाट नाही म्हटल्यावर ती आणखीच आडवी जाणार, आणि पाण्याच्या टाकीच्या भिंतीला एखादी चीर असेल तर ती मुळांनी शोधलीच म्हणून समजा.

बरं, नंतर तोडू म्हणाल, तर तेही हातात राहत नाही. महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५चा कायदा आहे. आपल्या आवारातलं, आपण लावलेलं झाड असलं तरी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घेतल्याशिवाय तोडता येत नाही. कायदा चांगलाच आहे. म्हणूनच लावतानाच विचार करायचा.

आणि एवढं करून फुलं कधी? बियांपासून वाढवलेला गुलमोहर पाच वर्षांच्या आत क्वचित फुलतो, बऱ्याचदा जास्तच लागतात. तुमचा मुलगा तोवर चौथी-पाचवीत गेलेला असेल.

हल्ली काही जण गुलमोहर परदेशी म्हणून नाकं मुरडतात. तो मुद्दा मला फारसा पटत नाही. परदेशी म्हणून हाकलायचं ठरवलं तर तांबड्या रश्श्यातली मिरचीही अमेरिकेची. माझा आक्षेप जागेपुरता आहे. मोकळ्या मैदानात, शाळेच्या आवारात, तारांपासून दूर तो जरूर असावा.

आता मिस्टरांची बाजू. पाला झाडायला नको म्हणून हॉलमध्ये तीन-चार फुलांच्या कुंड्या. ऐकायला सोपं वाटतं, पण घरात फुलणारं झाड सोपं असतं हा मोठा गैरसमज आहे. बाहेरच्या झाडाला पहिले दोन उन्हाळे सांभाळलं की पुढं ते आपलं आपण बघतं. कुंडीतलं झाड जन्मभर तुमच्या हातातल्या तांब्याकडं बघत असतं. मे महिन्यात आठ दिवस गावाला गेलात तर परत येऊन काय दिसतं, ते सांगायला नको.

त्याहून मोठी अडचण उजेडाची. आपल्या डोळ्यांना हॉल लख्ख वाटतो, कारण डोळा अंधाराला जुळवून घेतो. झाड तसं घेत नाही. उजेड लक्स या एककात मोजतात. दुपारच्या उघड्या उन्हात तो एक लाख लक्सच्या घरात असतो. खिडकीपाशी, थेट ऊन नसेल तर, तो हजार-दोन हजारांवर येतो. सोफ्यामागच्या कोपऱ्यात शंभर-दोनशे उरतो. म्हणजे शोभेसाठी आपण कुंडी जिथं ठेवतो, नेमक्या त्या जागी झाडाला उन्हाचा जेमतेम हजारावा-पाचशेवा भाग मिळतो. फूल ही झाडाची महागडी गोष्ट. कमाई नसली की पहिली काटछाट तिथंच होते, पानं कशीबशी टिकतात. मोबाइलवर लक्स मोजायची अ‍ॅप असतात, पण साधी खूण सांगते. दुपारी त्या जागी हात धरा. सावलीची कड रेखीव पडली तर फुलझाड ठेवा. अंधूक पडली तर फक्त सावलीतली झाडं. काहीच पडली नाही तर तिथं गणपतीची मूर्ती ठेवा.

घरात फुलणारी जी मोजकी झाडं आहेत, ती बहुतेक जंगलात मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारी. पीस लिली आणि अँथुरियम ही त्यातली सगळ्यात खपणारी. दोघंही आपल्या अळूच्या कुळातली. आपण ज्याला पीस लिलीचं पांढरं फूल म्हणतो, ते खरं तर बदललेलं पान आहे. खरी फुलं मधल्या दांड्यावर, बारीक दाण्यांएवढी. पान असल्यामुळंच ते आठवडेच्या आठवडे टिकतं आणि शेवटी हिरवं होतं. गुलमोहराच्या पाकळ्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जमिनीवर येतात, अँथुरियमचं एकच फूल महिना-दीड महिना तसंच दिसतं. घराच्या फुलाची खरी बाजू ही. थोडं, पण खूप दिवस. एक सावधगिरी मात्र बाळगा. पीस लिली विकत आणताना चार-सहा फुलं एकदम दिसली तर भुलू नका. उत्पादक जिबरेलिक आम्ल नावाचं वाढीचं द्रव्य फवारून झाडाला एकदम फुलवतात, आणि पुढच्या वर्षी तुमच्याकडं एखाद-दुसरंच येतं. मग आपण स्वतःलाच दोष देत बसतो.

तुमच्या घराचं म्हणाल, तर या दोन्ही झाडांपासून मी तुम्हाला थोडं लांबच ठेवीन. कच्चं अळू खाल्लं तर घसा का खाजतो? त्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांनी. पीस लिली आणि अँथुरियममध्ये तेच असतं. आपण अळूला चिंच घालून शिजवतो, तीन वर्षांचं पोर कुंडीतलं पान तसंच तोंडात घालतं. जिवावर बेतत नाही सहसा, पण तोंड सुजतं, पोर रडून हैराण होतं. मांजराचं तसंच. आणि कॅलेंचो मांजराला याहून वाईट, त्यातली द्रव्यं हृदयावर परिणाम करतात. म्हणून ती कुंडी टीव्हीशेजारून हलवायचीच आहे तर अशा ठिकाणी न्या, जिथं मांजर उडी मारून पोचणार नाही. खोक्याखाली ती रात्री सुरक्षित राहील, प्रश्न दिवसाचा आहे. टांगती कुंडी हा सरळ उपाय.

मिस्टरांची फारच इच्छा असेल तर एक आफ्रिकन व्हायोलेट आणा, किंवा एक मॉथ ऑर्किड. दोन्ही मांजराला विषारी नाहीत. घराचं तोंड पश्चिमेला म्हणजे मागची बाजू पूर्वेला, तिथं बहुधा स्वयंपाकघराची खिडकी असेल. सकाळचं कोवळं ऊन येणारी ती जागा या दोघांनाही मानवते. व्हायोलेट टांझानिया-केनियाच्या डोंगरातलं. पानांवर पाणी पडलेलं त्याला आवडत नाही, डाग पडतात, म्हणून बशीतून खालून पाणी द्यायचं. एप्रिल-मेच्या उकाड्यात ते जरा मलूल होईल. ऑर्किडचं उलट आहे. हिवाळ्यात आपल्याकडच्या रात्री गार झाल्या की ते फुलाची दांडी टाकतं, आणि एकदा फुललं की दोन-दोन महिने राहतं. पण त्याला मातीत लावायचं नसतं, सालींच्या तुकड्यांत लावायचं. हॉलसाठी मात्र फुलाचा नाद सोडा. तिथं पानांची झाडं ठेवा आणि बाहेर फुलं लावा.

बाहेर कुठलं? सासूबाईंना लाल रंगाचं, गुलमोहराच्या चेहऱ्याचं काही हवं असेल, तर शंखासुर लावा. रांगडं झाड म्हणून नर्सरीत कुणी त्याची फार जाहिरात करत नाही, पण तुमच्या जागेला ते नेमकं बसतं. गुलमोहराचा सख्खा नातलग. जुन्या वनस्पतिशास्त्रात दोघंही पॉइन्सियाना या एकाच प्रजातीत होते. तीच बारीक पानांची पिसं, तसेच लांब बाहेर आलेले केसर, पाकळ्या लाल आणि कडेला पिवळ्या. उंची सहा ते दहा फूट, आणि छाटली तर हवी तेवढीच. बी पेरल्यापासून साधारण वर्षभरात फुलायला लागतो आणि मग वर्षातले बरेच महिने थोडाथोडा फुलतच राहतो. फुलपाखरं भरपूर येतात. गेटच्या बाजूला, तारांखाली, कंबरेच्या वर जाऊ लागला की छाटत राहा. फांद्यांवर काही काटे असतात, ते ध्यानात ठेवा, आणि शेंगा मुलाच्या हाताला लागायच्या आधी काढून टाका, बिया खाण्याच्या नाहीत. बी लावण्याआधी रात्रभर कोमट पाण्यात भिजवा, कवच टणक असतं.

सावली आणि देवाची फुलं यांसाठी दुसरं झाड हवंच. गुलमोहराची फुलं आपण देवाला वाहत नाही. हार-फुलांसाठी शिंगोशी मार्केट गाठणाऱ्या घरात दारचं झाड पूजेलाही उपयोगी पडलं तर काय वाईट? इथं माझ्या मनात दोनच नावं येतात, पारिजातक आणि चाफा. पारिजातक मला स्वतःला जास्त आवडतो. श्रावणापासून दिवाळीपर्यंत पहाटे अंगण भरून पडतो. पण तुमच्या अंगणात स्कूटर आहे, येणं-जाणं आहे, आणि पाचोळ्याला कंटाळलेले मिस्टर आहेत. रोज सकाळी पायाखाली फुलं तुडवायची म्हणजे सासूबाईंचा जीव तुटेल. तेव्हा चाफा, टाकीच्या समोरच्या कोपऱ्यात. पांढरा लावा, किंवा सासूबाईंसाठी लालसर.

चाफ्याची मुळं आक्रमक नसतात, टाकीला किंवा भिंतीला त्रास नाही. पश्चिमेचं दुपारचं कडक ऊन त्याला सोसतं, नव्हे, हवंच असतं. थंडीत पानं गाळून मोकळा होतो, त्यामुळं डिसेंबर-जानेवारीत अंगणात ऊन येतं आणि उन्हाळ्यात सावली. पानं मोठी आणि मोजकी. मिस्टरांना सांगा, ती वेचायची असतात, झाडायची नसतात. गुलमोहराची बारीक पानं मात्र पन्हाळीत आणि गटारात महिनाभर शिरत राहतात. उन्हाळ्यापासून पाऊस सरेपर्यंत फूल मिळत राहील. पावसाळ्यात पानांच्या मागं नारिंगी भुकटी दिसेल, तो तांबेरा. झाड मरत नाही. गळलेली पानं तिथंच कुजू न देता उचलायची, एवढं पुरे. फांदी मोडली की पांढरा चीक येतो, तो कातडीला आणि डोळ्यांना झोंबतो. छाटणी मुलाला लांब ठेवून करा.

रोप विकत घ्यायचीही गरज नाही. ओळखीच्या कुणाकडून फेब्रुवारी-मार्चमध्ये, पानं नसताना, हातभर लांब, अंगठ्याहून जाड फांदी मागून आणा. आठवडाभर सावलीत आडवी ठेवून काप पूर्ण वाळू द्या. ओल्या कापानं लावली तर कुजते. मग पिशवीत वाळू-मातीत खोचा, पाणी बेतानं. जूनपर्यंत मुळं धरलेली असतील. वर्ष-दोन वर्षांत फूल. गुलमोहराची जितकी वाट बघावी लागली असती, त्याच्या निम्म्याहूनही कमी वेळात.

आणि गुलमोहराची हौस? तुमच्या वसाहतीत ओपन स्पेस असेलच. तिथं लावायला महापालिकेच्या उद्यान विभागाशी बोला. चार घरांनी मिळून अर्ज केला तर बोलणं सोपं जातं. तिथंही मी सासूबाईंना विचारून बघेन, की एक गुलमोहर आणि शेजारी एक ताम्हण चालेल का. ताम्हण हे आपलं राज्यफूल, एप्रिल-मेमध्ये जांभळं फुलतं आणि पाण्याची ओढ असल्यामुळं ओलसर जागा त्याला मानवते. बहावाही तेव्हाच पिवळा होतो. लाल, जांभळा, पिवळा एका रांगेत, एकाच महिन्यात. जागा बघायची असेल तर एखाद्या रविवारी टाउन हॉलच्या बागेत सासूबाईंना घेऊन जा. पूर्ण वाढलेली जुनी झाडं जमिनीवर किती जागा घेतात, हे तिथं बघितलं की बारा बाय पंधराच्या अंगणाबद्दल वेगळं समजवायला लागणार नाही.

तुम्ही विचारलंत, सुख कशात. माझ्या लेखी तुमच्या घराला एक कुंडी आणि दोन झाडं पुरेत. घरातलं फूल तुम्ही लक्ष दिलं तेवढंच देतं, कामाचा आठवडा असला की ते कमी. दारातलं झाड तुमच्या लक्षाची वाट बघत नाही, पण त्याचं वेळापत्रकही तुमच्या हातात नाही. ज्या वर्षी मुलाचं आजारपण, पाहुणे, लग्नकार्य सगळं एकदम येतं, त्या वर्षी कॅलेंचोवर खोका घालायला कुणाला सुचत नाही. चाफा त्या वर्षीही फुलतो.

शेवटचं खड्ड्याबद्दल, कारण तुमच्याकडं सगळं तिथंच अडेल. दोन फुटांवर मुरूम आहे म्हणता. त्यात नुसता खड्डा काढून माती भरली तर ती बादली होते, जुलैत पाणी साठतं आणि चाफा बुडख्यातून कुजतो. तीन फूट लांब, तीन रुंद, तीन खोल असा खड्डा काढा आणि तळाचा मुरूम पहारीनं आणखी फूटभर भेगाळून घ्या, म्हणजे पाण्याला खाली वाट मिळेल. दोन-तीन आठवडे उन्हात उघडा राहू द्या, पण वर फळी टाका, घरात लहान मूल आहे. मग चांगली माती, कुजलेलं शेणखत आणि थोडी वाळू भरून, जमिनीपेक्षा वीतभर उंच वरंबा करून, पहिले दोन मोठे पाऊस झाल्यावर रोप लावा. शंखासुराला एवढा थाट नको, दीड फुटाचा खड्डा चालतो. हे खोदकाम मेच्या पहिल्या पंधरवड्यातच उरकून घ्या. जून लागला की पहार चालवणारी माणसं पेरणीला आणि भाताच्या लावणीला गावाकडं जातात, आणि महिनाभर फोन उचलत नाहीत.